अकरा नंबरची ओळ

अंबड
३ डिसेंबर २०२४

चि. अर्पिता हिस,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही नाही. फोनवर माझ्याशी बोलायचं म्हणजे समोरच्याने घसा फोडायचा आणि मी भलतंच उत्तर द्यायचं, असं वर्षभर चाललं आहे. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, तेवढ्या ऐकू येतात. मोबाईलवर लिहायला गेलो तर माझा एक अंगठा तीन अक्षरांवर पडतो. तेव्हा पोस्टाचीच वाट बरी. पत्ता तुझ्या वडिलांनी दिला. कडूबा मोंढ्यात सोयाबीन घेऊन आले होते. 'पोरगी पुण्यात कंपनीचं सगळं नेटवर्क सांभाळून राह्यली, सर,' हे वाक्य त्यांनी मला ऐकू जाईपर्यंत चार वेळा सांगितलं. चारही वेळा त्यांना कंटाळा आला नाही.

काम शाळेचं आहे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी कॉम्प्युटरचं काही निघालं की मलाच बोलावतात. हल्ली सोमेश्वर मुख्याध्यापक आहे. तुमच्या कितीतरी आधीच्या बॅचचा, की-बोर्डवर चहा सांडल्याची गोष्ट मी सांगायचो तोच. जानेवारीत नवी लॅब येणार. जुन्या चोवीस मशिनींपैकी ज्या नेटवर्कवर चालू आहेत त्या खेड्यांतल्या शाळांना द्यायच्या, बाकीच्या भंगारात. त्यासाठी त्याला यादी हवी: मशीनचं नाव, तिचा नेटवर्कचा पत्ता आणि त्याखालच्या सेटिंग्ज. प्रत्येक मशीनसमोर वाकून बसणं माझ्या कमरेला झेपायचं नाही. एका जागी बसून सगळ्यांना विचारता येतं हे मला माहीत आहे. कसं, ते विसरलो. कधीकाळी मीच तुला शिकवलेलं आता मला परत शिकव.

माझा स्वार्थही सांगून टाकतो. खिडकीजवळची अकरा नंबर आठवते? तुम्ही नववीत असताना तिच्यावर आवाज भरायला शिकलात. केशर माझा डबा घेऊन आली होती आणि तुम्ही पोरींनी तिला धरून माइकसमोर बसवलं. बटण तूच दाबलं होतंस. तो आवाज अजून त्या मशीनवर आहे. केशरला जाऊन येत्या अठरा जानेवारीला तेरा वर्षं होतील. तिचा दुसरीकडे कुठे आवाज नाही. फोटो आहेत, पण ते बोलत नाहीत. अकरा नंबर यादीत आली की ती मी आमच्या गल्लीजवळच्या प्राथमिक शाळेला द्यायला लावणार आहे. तिथवर मला चालत जाता येतं.

तुझे सर,
नागसेन

पुणे
९ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुमचं अक्षर पाकिटावर बघितलं आणि मी दारातच उभी राहून पत्र वाचलं. पायातली चप्पल काढायचीही राहिली.

काकूंना माइकसमोर बसवल्याचं मला चांगलं आठवतं. त्या माइककडे असं बघत होत्या, जणू तो चावेल. मला आणखी एक आठवतं. वीज नसली की तुम्ही तास सोडायचा नाहीत. आम्हाला कागदावर कमांड लिहायला लावायचा आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर लाल टिंब द्यायला सांगायचा. 'मोकळी जागा हेसुद्धा अक्षर आहे,' म्हणायचा. इथे ऑफिसात मी अजून कठीण काही असलं की आधी कागदावर लिहिते. सोबतचे हसतात. मी त्यांना सांगते, आमच्या अंबडला दिवसातून आठ तास वीज जायची, त्यात आम्ही शिकलो.

सोबत कमांड मोठ्या अक्षरात छापून पाठवते आहे. टिंबं लाल पेनाने मीच दिली आहेत. आधी एका फाइलमध्ये चोवीस मशिनींची नावं एकाखाली एक लिहा. कमांड ती नावं वाचते, एकेकीकडे जाऊन तिच्या नेटवर्कच्या सेटिंग्ज विचारते आणि आलेलं उत्तर नावापुढे मांडते. उत्तर आलं नाही तर पुढचे रकाने रिकामे राहतात.

आणि सर, काकूंचा आवाज आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मशीन पंधरा वर्षांची आहे. तुम्हाला मी हे सांगावं असं नाही, तरी सांगते.

तुमची,
अर्पिता

अंबड
१७ डिसेंबर २०२४

चि. अर्पिता हिस,
सप्रेम जयभीम.

कमांड चालली. तिसऱ्या खेपेला चालली. पहिल्या खेपेला मी एक टिंब चुकवलं आणि दुसऱ्या खेपेला टिंबाच्या जागी खरोखरचं टिंब टाइप केलं. हे कुणाला सांगू नकोस.

पण उत्तर आलं ते सात कागदांचं. चोवीस मशिनी आणि सात कागद. प्रत्येक मशीनने आपलं नाव पाच-सहा वेळा सांगितलंय, आणि त्यात एखादीच ओळ भरलेली. बाकी सगळे रकाने कोरे. सोमेश्वरने ते कागद हातात धरले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याच्याकडे वही तपासायला दिलीय. मग पाटीवर लिहून दाखवलं (माझ्यासाठी त्याने टेबलावर पाटी ठेवली आहे, पोरगा चांगला आहे): 'सर, वरती पाठवायचंय. एक कागद द्या. रिकामं काही नको.'

तर कोऱ्या ओळी गाळून फक्त भरलेल्या दाखवील असं काही कर. कोऱ्या ओळींचा कुणाला काय उपयोग?

लॅबमध्ये तासभर एकटाच बसलो. पंख्यांना अजून तोच हिरवा रंग आहे. तुम्ही साठ जण दोन-दोन, तीन-तीन एका मशीनवर बसायचात आणि माउस कुणाच्या हातात यावरून बाकाखाली चिमटे चालायचे. मला सगळं दिसायचं. पेन ड्राइव्हचं बघू.

तुझे सर,
नागसेन

पुणे
२१ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

सात कागद वाचून मी हसले, माफ करा. इथे नवी येणारी मुलंही पहिल्या दिवशी याच पुरात सापडतात. असं होतं की मशीनला तार एक असली तरी आत तिने बरीच दारं मांडून ठेवलेली असतात. काही कधीच न वापरलेली, काही नुसती नावाला. विचारलं की ती प्रत्येक दाराची ओळ देते, मग त्या दाराला पत्ता असो वा नसो.

आता कमांडच्या शेवटी एक छोटी अट जोडली आहे: पत्त्याचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ दाखवूच नकोस. एवढं केलं की सात कागदांचा एक होईल. आमच्याकडे हे रोजचं काम आहे. मी तर आता विचार न करताच ही अट लावते.

कालच आईशी बोलले. शहागडला ज्वारी कमरेच्या वर आली आहे म्हणाली. हुरड्याला यायचं ठरवते आणि दर वर्षी राहून जातं. यंदा बघू.

सर, पेन ड्राइव्ह. 'बघू' म्हणू नका. मी शाळेत 'बघू' म्हटलं की तुम्ही काय करायचात ते मला आठवतं.

तुमची,
अर्पिता

अंबड
३० डिसेंबर २०२४

चि. अर्पिता हिस,
सप्रेम जयभीम.

एक कागद. वरून खालपर्यंत ओळीत ओळ, एकही रकाना कोरा नाही. पडद्यावर ती यादी उभी राहिली तेव्हा मला पंचवीस वर्षं मागे गेल्यासारखं वाटलं. चोवीसपैकी चार मशिनी तर मी असतानाच बंद पडल्या होत्या, त्या गळाल्या, बरंच झालं. मी तिथल्या तिथे खाली सही केली. सोमेश्वरने कागद शाळेच्या फाइलला लावला आणि आम्ही चहा घेतला. आता माझ्या जिवाला घोर नाही.

तू सारखी पेन ड्राइव्ह, पेन ड्राइव्ह करतेस म्हणून सांगतो. एवढी वर्षं मी तो आवाज घरी का आणला नाही? आधी कारण वेगळं होतं. शाळेच्या मशीनवरचं आपल्या घरी नेऊ नये, असं वाटायचं. नंतर वाटायला लागलं, घरी आणला तर मी रोज ऐकेन. रोज ऐकलेल्या गोष्टीकडे माणसाचं लक्ष राहत नाही. आमच्या घरावरून रोज दुपारी बस जायची. केशर गेल्यावर चार महिन्यांनी मला कळलं की ती बस बंद झाली आहे. म्हणून मी वर्षातून एकदा, अठरा जानेवारीला, लॅबमध्ये जाऊन ऐकतो. चाळीस सेकंद. नाव, गाव, आवडती भाजी, एवढंच आहे. मग घरी येतो.

यंदा अठराला गेलो की तुझ्या आग्रहाखातर पेन ड्राइव्ह नेईन. दोन-तीन आठवड्यांनी काय बिघडतं?

तुझे सर,
नागसेन

अंबड
२० जानेवारी २०२५

चि. अर्पिता,

अकरा नंबर गेली.

परवा अठराला सकाळी पेन ड्राइव्ह खिशात घालून शाळेत गेलो. लॅबमध्ये नवी टेबलं लागली होती आणि जुन्यांपैकी एकही मशीन नव्हती. सोमेश्वरने पाटीवर लिहिलं की अकरा तारखेला दोन गाड्या आल्या, एक शाळांसाठी आणि एक भंगारासाठी. मी लिहिलं, अकरा नंबर कुठल्या गाडीत? त्याने फाइल काढून माझीच यादी माझ्यापुढे धरली. एकोणीस ओळी. दहा नंबर, मग बारा नंबर. मध्ये काही नाही. खाली माझी सही.

चार गळाल्या असं मी धरून चाललो होतो. पाच गळाल्या होत्या. मोजल्या नाहीत. तुमच्यापैकी कुणी असं केलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं.

आता कारण ऐक. ते मी तुझ्यापासून लपवलं होतं असं नाही, मी विसरलो होतो. २०१४ साली लॅबमध्ये व्हायरस शिरला आणि तीन मशिनींवरचं सगळं खाऊन गेला. त्या दिवशी मी अकरा नंबरची नेटवर्कची तार स्वतःच्या हाताने उपटली आणि टेबलाखाली गुंडाळून ठेवली, की केशरपर्यंत काही पोचू नये. दहा वर्षं ती मशीन एकटी होती. तुझ्या कमांडने तिला हाक मारली असेल तेव्हा ती ऐकणार कशी? तिचा रकाना कोरा राहिला आणि कोरं नको असं मीच म्हटलं होतं. जिला जपायला तार काढली, ती तार काढल्यामुळेच गेली.

आणखी एक लिहितो, मग पेन ठेवतो. हे मात्र मी लपवलं होतं. गेल्या वर्षी अठरा जानेवारीला मी हेडफोन लावला तेव्हा मला काही ऐकू आलं नाही. हेडफोन बिघडला असं मनाशी म्हटलं. दुसरा लावला, तिसरा लावला. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती, तेवढी चाळीस सेकंद बघत बसलो. म्हणून पेन ड्राइव्ह आणायला पाय उचलत नव्हता. आणून करणार काय होतो? तरी ती तिथे आहे, एवढं मला पुरत होतं. आता तेही नाही.

नागसेन

पुणे
२४ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

पत्र वाचून मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली.

चूक तुमची नाही, माझी आहे. यादीतल्या पाच नावांना उत्तर आलं नाही, ही बातमी होती. ती मी पुसून टाकायला लावली. गाळलेल्यांची वेगळी यादी खाली द्यायला दोन शब्द लागले असते. उत्तर न देणारी मशीन आणि नसलेली मशीन यांत फरक आहे, हे मी इथे नव्या मुलांना शिकवते, सर. तुमच्यासाठी करताना मात्र कागद नीट दिसावा म्हणून सगळं एकाच चाळणीतून काढलं.

मी सोमेश्वर सरांना फोन केला. ते फार खजील झाले आहेत. भंगाराची गाडी जुन्या जालन्यातल्या एका गोदामात उतरली आहे. मालकाचं नाव आदिनाथ. मी बाबांशी बोलले आहे. ते मंगळवारी सकाळी शहागडहून निघून तुम्हाला घ्यायला घरी येतील. तुम्ही एकट्याने जाऊ नका. रिक्षावाल्याचं तुम्हाला ऐकू येणार नाही आणि तुमचं गोदामवाल्याला समजणार नाही.

मशीन मोडली असली तरी हरकत नाही. आतली डिस्क शोधा. हाताच्या पंजाएवढी, जड, चपटी पेटी. आवाज तिच्यात असतो.

अर्पिता

अंबड
२ फेब्रुवारी २०२५

चि. अर्पिता हिस,
सप्रेम जयभीम.

तुझे वडील हा माणूस मला इतकी वर्षं कसा कळला नाही?

मंगळवारी सातला दारात हजर. धुवट धोतर, टोपी, जणू लग्नाला निघालेत. वहीत त्यांनी लिहून दाखवलं: 'सर तुम्ही फकस्त बोट दाखवा. बोलायचं काम माझं.' बसमध्ये शेजारी बसले आणि खिडकीतून दिसेल त्या शेताचं पीक मला बोटाने दाखवत राहिले.

जुन्या जालन्यात रिक्षा धान्याच्या दुकानांपाशीच अडली. पुढे चालत. गोदाम एका कापडाच्या दुकानामागे आहे. आत गेलो. आपल्या पाच मशिनी एका कोपऱ्यात होत्या, झाकणं काढलेल्या, आतून रिकाम्या. अकरा नंबर मी लगेच ओळखली. तिच्यावरचा आकडा तुम्ही पोरींनी नेलपॉलिशने रंगवला होता, त्यावरून मी वर्गाला रागावलोही होतो. आत हात घातला. काही नव्हतं.

डिस्का सगळ्या एका पोत्यात टाकल्या होत्या. आमच्या शाळेच्या, बँकांच्या, कुठल्या कुठल्या कचेऱ्यांच्या. कुठली कुठल्या मशीनची, हे आदिनाथलाही सांगता येईना. मी पोत्याजवळ बसलो. एक हातात घ्यायचो, उलटीपालटी करून खाली ठेवायचो. सगळ्या सारख्याच.

मग तुझे वडील आणि आदिनाथ यांचं बराच वेळ काहीतरी चाललं. मला तोंडं हलताना दिसत होती. आदिनाथ मान हलवत होता, तो माल दुसऱ्या दिवशी पुढे जायचा होता. एकाएकी त्याने माझ्याकडे बघितलं आणि उठून स्वतःच्या हाताने पोत्याचं तोंड सुतळीने बांधून दिलं. पैशाचं विचारलं तर हात जोडले. बसमध्ये मी कडूबांना वही दिली की असं काय सांगितलंत? त्यांनी लिहिलं: 'बोललो सरच्या घरचं मानूस हाये ह्या पोत्यात. आन हुरड्याला बोलावलं.'

ते वहीचं पान मी फाडून जपून ठेवलं आहे. पोतं घेऊन कडूबा शनिवारी तुझ्याकडे येत आहेत. त्यांना वरची बर्थ देऊ नको म्हणून सांगणार होतो, पण ते एसटीच्या लाल डब्यानेच येणार म्हणतात. तुझ्या मागे हे काम लावताना मला संकोच वाटतो. नाही सापडलं तर नाही, तसं सरळ लिही.

तुझे सर,
नागसेन

पुणे
२३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

सापडलं.

एकसष्ट डिस्का होत्या. तीन रविवार मी एकेक जोडत बसले. बाबांनी पहिले दोन दिवस शेजारी बसून प्रत्येक डिस्क फडक्याने पुसून दिली आणि मग घरच्या म्हशीची आठवण झाली म्हणून गेले. काम लवकर व्हावं म्हणून मी एक कमांड लिहिली होती. ती डिस्कचं नाव वाचायची आणि आतल्या आवाजाच्या फायली शोधायची. एकसष्टही झाल्या, काही मिळालं नाही. तुम्हाला 'नाही' असं लिहायला मी कागदही काढला. तेव्हा सहज मोजल्या तर तपासलेल्या त्रेपन्नच भरल्या. डिस्कच्या नावाचा रकाना रिकामा असेल तर ती सोडून दे, अशी अट मी सवयीने लावून ठेवली होती. सर, मी दुसऱ्यांदा तेच केलं होतं.

सोडलेल्या आठ पुन्हा जोडल्या, या वेळी कुठलीच अट न लावता. सहाव्या डिस्कमध्ये आपला वर्ग होता. माझा स्वाध्यायही होता, त्यात पाच चुका आहेत.

तिथे काकूंच्या दोन फायली आहेत. एक तुमची नेहमीची, चाळीस सेकंदांची. दुसरी अकरा मिनिटांची आहे आणि ती तुम्ही कधी ऐकली नसणार, कारण तिला नावच दिलेलं नाही. तुम्ही तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की आवाज भरून झाला की पुढची-मागची रिकामी जागा कापायची आणि जपून ठेवायचं. घंटा झाली आणि मी माइक चालूच ठेवून मधल्या सुट्टीत बाहेर पळाले. परत येऊन ते बंद केलं, आणि बाकीचं सगळं न ऐकताच रिकामं समजून कापलं. मूळ फाइल तशीच मागे राहिली. आता ती मी चार ठिकाणी उतरवून ठेवली आहे.

तुम्हाला ती ऐकता येणार नाही, म्हणून मी लिहून पाठवते आहे. जिथे काही नाही, तिथे काही नाही असंच लिहिलं आहे. काहीही गाळलेलं नाही.

(खुर्ची सरकल्याचा आवाज. आम्ही मुली हसतो.)
काकू: ह्या डब्यात बोलू का? हे ऐकून राह्यलं का?
(पुढची चाळीस सेकंदं तुम्हाला पाठ आहेत. मग घंटा. आमचे पळण्याचे आवाज.)
(चार मिनिटं दहा सेकंद काही नाही. पंखा. एकदा कावळा. एकदा काकू खोकल्या.)
(दार वाजलं.)
तुम्ही: पोरी गेल्या का?
काकू: गेल्या. आधी जेवून घ्या तुम्ही.
(डबा उघडल्याचा आवाज. पन्नास सेकंद काही नाही.)
काकू: मीठ?
तुम्ही: बराबर आहे.
(पंचवीस सेकंद काही नाही.)
काकू: मी मीठ टाकायलाच विसरल्ते.
(तुम्ही खोकलात. मग पाणी प्यायल्याचा आवाज.)
काकू: पोरींनी माझा आवाज भरला ह्याच्यात. आता काय करणार तुम्ही त्याचं?
तुम्ही: ठेवतो.
काकू: कशाला? मी घरी हायेच की बोलायला.
(नऊ सेकंद काही नाही.)
तुम्ही: तरी ठेवतो.
(काकू हसल्या.)
(दोन मिनिटं वीस सेकंद काही नाही. डबा बंद केल्याचा आवाज. पावलं. दार.)
(उरलेला वेळ पंखा. मग मी: अगं, हे चालूच राह्यलं.)

एवढंच आहे, सर.

तुमची,
अर्पिता

अंबड
१ मार्च २०२५

चि. अर्पिता हिस,
सप्रेम जयभीम.

पत्र काल आलं. मी ते मोठ्याने वाचलं. किती मोठ्याने ते मला कळत नाही, पण शेजारच्या मालनबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या आणि खुणेने विचारलं की कोण आलंय. मी त्यांना बसायला सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. जिथे तू काही नाही असं लिहिलंस, तिथे मी घड्याळ बघून तेवढा वेळ थांबलो. चार मिनिटं दहा सेकंदसुद्धा थांबलो. मालनबाई रडत होत्या. मी नव्हतो रडत, मला जेवताना ती समोर बसायची तशी दिसत होती.

मिठाचं मी खोटं बोललो नव्हतो, हे तुला सांगून ठेवतो. त्या दिवशी प्रिंटर बिघडला होता आणि माझं लक्ष सगळं तिकडे होतं. तिला मात्र शेवटपर्यंत वाटलं असेल की मी तिची समजूत काढली.

आता एक तक्रार. तू 'काकू हसल्या' एवढंच लिहिलंस. तेवढ्याने माझं भागत नाही. केशर चारचौघांत हसायची तेव्हा तोंडावर पदर घ्यायची आणि आवाज दबून यायचा. पण घरात आम्ही दोघंच असलो की आधी एकदम श्वास आत ओढायची, मग हसायची. तो श्वास मला चांगला ओळखू यायचा.

तू ती जागा पुन्हा लाव. कान देऊन ऐक. हसण्याच्या आधी श्वास आहे का, ते बघ आणि मला लिहून कळव. मी पोस्टमनची वाट बघतो.

तुझे सर,
नागसेन